१८१२चं युद्ध: कादंबरी जहाजावर घडवावी की नायगाराकाठी?

एका मैत्रिणीला अमेरिका-ब्रिटनच्या १८१२च्या युद्धावर कादंबरी लिहायचीय, पण पार्श्वभूमी ठरत नाहीये.

जहाज घेतलं तर वेग आपोआप येतो. १९ ऑगस्ट १८१२ला अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या युद्धनौकेने ब्रिटिशांच्या ‘गेरियर’ला हरवलं, तशा लढतीत पात्रं मोजकी, जागा बंदिस्त. मेहनत जाते ती शिडं-दोरखंडांची परिभाषा शिकण्यात. विजयाचा शेवटही तयार मिळतो.

नायगारा नदीकाठी, म्हणजे अमेरिका आणि ब्रिटिश कॅनडाच्या सरहद्दीवर, अभ्यास खूपच जास्त, पण माणसं खोलवर सापडतात. डिसेंबर १८१३मध्ये माघार घेताना अमेरिकनांनी कॅनडातलं न्यूअर्क गाव जाळलं. बायका-मुलं बर्फात उघड्यावर आली. महिना सरायच्या आत ब्रिटिशांनी अमेरिकेतलं बफेलो पेटवलं. चिप्पेवाच्या लढाईत तर तिथले मूळनिवासी हॉडेनोशोनी (इरोक्वॉय) दोन्ही बाजूंनी लढले, हॉडेनोशोनींवरच चालून गेले. हे वाचताना माझ्या पोटात कालवतं. आणि एवढं सोसून युद्ध संपवणाऱ्या गेंटच्या तहाने सरहद्द होती तिथेच ठेवली! शेवट अवघड आहे, पण खरा आहे.

पहिलीच कादंबरी असेल, कथानक घट्ट हवं असेल तर जहाज घ्यावं. युद्धाने सामान्य घरांचं काय केलं हे सांगायचं असेल आणि हाताशी वेळ असेल, तर नायगाराच. तिला मी नायगाराच सुचवलंय.