बीएस्सीनंतर खगोलशास्त्र: पुणे, पवई, नांदेड की थेट पीएचडी?

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत खगोलशास्त्राचा वेगळा विभाग शोधत बसू नका. हा विषय इथे फिजिक्सच्या विभागात राहतो, तोही बहुतेकदा पोटभाडेकरूसारखा. इंदूरच्या आयआयटीत स्वतंत्र विभाग आहे आणि जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन तिथे खगोलशास्त्रात एमएस्सी करता येते, पण तो झाला राज्याबाहेरचा पर्याय. राज्यातच राहायचं असेल तर ‘खगोलशास्त्र कुठे शिकवतात’ यापेक्षा ‘कुठल्या फिजिक्स विभागात माझ्याशेजारी बसून कुणी डेटा उघडेल’ हा प्रश्न कामाचा आहे. गच्चीवरचा दुर्बिणीचा घुमट बघून विभाग निवडणारे मला बरेच भेटतात. त्या घुमटाला वर्षानुवर्षं कुलूप असतं.

पुण्याचं नाव आधी निघतं ते शेजाऱ्यांमुळे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातच आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे. 1988 साली ती उभी राहिली आणि जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक होते. जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण चालवणारी एनसीआरए ही संस्थाही याच आवारात आहे. फिजिक्स विभागाचा स्वतःचा जोर मात्र पहिल्यापासून मटेरियल्सकडे, घन पदार्थांच्या भौतिकीकडे. खगोलशास्त्र तिथे ऐच्छिक विषय म्हणून येतं आणि तो शिकवायला आयुकाची माणसं असतात. म्हणजे पहिलं वर्ष क्वांटम, स्टॅटिस्टिकल आणि इलेक्ट्रोडायनॅमिक्समध्येच जाणार. त्याबद्दल कुरकुर करू नका, पुढच्या प्रवेश परीक्षांना तेच लागतं.

खरा फरक पडतो प्रोजेक्टला. समजा, जीएमआरटीचा डेटा मिळाला. जुन्नर तालुक्यात खोडदला प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आहेत. त्यातल्या 14 मध्यभागी दाटीवाटीनं आणि बाकीच्या 16 तीन दिशांना पसरलेल्या. दोन-दोन डिशच्या जोड्या लावल्या की 435 होतात आणि प्रत्येक जोडीची नोंद वेगळी असते. विजेच्या तारांवरची ठिणगी, मोबाइलचे टॉवर, डोक्यावरून गेलेला उपग्रह या सगळ्यांची भेसळ त्या नोंदींत असते. पडद्यावर आलेख लावायचा, काट्यासारखं वर आलेलं जे दिसेल ते खरं की भेसळ हे ठरवायचं, भेसळ असेल तर बाद करायचं. सुरुवातीचे आठवडे यातच जातात. मग कॅलिब्रेशन, म्हणजे माहितीतल्या स्रोताशी ताडून नोंदी दुरुस्त करणं, आणि त्यानंतर कुठे पहिली प्रतिमा येते, तीही धूसर. याचा कंटाळा येणार असेल तर तो एमएस्सीतच आलेला बरा. अशा वेळी, आलेखात हे काय दिसतंय असं विचारायला ती दुर्बीण रोज वापरणारा माणूस चालत जाण्याच्या अंतरावर असणं, ही पुण्याची जमेची बाजू.

पण हे आपोआप मिळत नाही. आयुकातली व्याख्यानं ऐकून, चहा पिऊन, फूकोच्या लंबकासमोर फोटो काढून दोन वर्षं काढणारेही असतात. दार ठोठवावं लागतं. आणि वसतिगृहात जागा मिळेलच असं धरून चालू नका. खडकी-औंध भागातल्या खोलीचं भाडं आधीच हिशेबात घ्या.

पवईचं गणित वेगळं आहे. आयआयटी मुंबईच्या फिजिक्स विभागात जॅममधून प्रवेश मिळतो आणि स्पर्धा तगडी असते. तिथलं आकर्षण म्हणजे ग्रोथ-इंडिया दुर्बीण. लडाखमधल्या हानलेला, साधारण 4500 मीटर उंचीवर, 70 सेंटिमीटर व्यासाची ही दुर्बीण भारतीय ताराभौतिकी संस्था आणि आयआयटी मुंबई मिळून चालवतात. माणूस शेजारी नसताना ती रात्रभर आपलं आपण काम करते. आरसा आकारानं लहान, पण काम झटपट. एखादा गॅमा किरणांचा स्फोट झाल्याची सूचना आली की तिकडे चटकन वळायचं, हे मोठ्या दुर्बिणींना सहज जमत नाही. प्रोग्रॅमिंगची आवड असेल, क्षणात उजळून विझणाऱ्या गोष्टींचं वेड असेल, तर माझ्या मते पवई पुण्याहून सरस. रेडिओ खगोलशास्त्र किंवा दीर्घिकांचा (गॅलेक्सींचा) निवांत अभ्यास करायचा असेल तर नाही. पवईच्या आकाशाबद्दल न बोललेलंच बरं.

नांदेडचं नाव घेतलं की पालकांच्या कपाळावर आठी पडते. तिथं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या भौतिक विज्ञान संकुलात गेली बरीच वर्षं खगोलशास्त्राचं संशोधन होत आलं आहे: लंबवर्तुळाकार दीर्घिकांमधली धूळ, दीर्घिकासमूहांच्या तप्त वायूत पडलेल्या पोकळ्या. त्यासाठी वापरला जातो तो चंद्रा या क्ष-किरण वेधशाळेचा डेटा, आणि तो विष्णुपुरीत, म्हणजे या विद्यापीठाच्या आवारात, बसून उतरवता येतो, तसा हार्वर्डमध्ये बसूनही. जीएमआरटीचा डेटासुद्धा मूळ निरीक्षकांसाठी 18 महिने राखीव असतो, त्यानंतर कुणालाही खुला होतो. शिवाय आयुका मुळात विद्यापीठांसाठीच काढलेली आहे. तिचे ‘असोसिएट’ असलेले प्राध्यापक पुण्याला येऊन राहतात, काम करतात, विद्यार्थ्यांनाही सोबत आणतात. औंढा नागनाथजवळ 4 किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल 2023 मध्ये तिला मंजुरी दिली. ती जागा नांदेडहून फार लांब नाही. तेवढ्यावर आज प्रवेश घेऊ नका, पण आठवणीत असू द्या.

लहान विभागाची कमजोर बाजूही सांगतो. सगळं एक-दोन प्राध्यापकांवर उभं असतं. ते रजेवर गेले, निवृत्त झाले, की विषय बंद. वर्गात खगोलशास्त्र घेणारे तुम्ही एकटेच असाल तर वाद घालायलाही कुणी नाही. पण खर्च कमी, आणि मार्गदर्शक आठवड्यातून दोनदा नक्की भेटणार. मराठवाड्यातल्या मुलानं पुण्यात कुठं तरी साधारण एमएस्सी करण्यापेक्षा इथं नेटका प्रोजेक्ट करावा असं माझं मत आहे. पालकांना ते पटायला वेळ लागतो.

चौथा पर्याय थेट इंटिग्रेटेड पीएचडीचा, म्हणजे एमएस्सी आणि पीएचडी एकत्रच. टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, एनसीआरए तिचंच केंद्र) प्रवेश परीक्षा देऊन बीएस्सीनंतरच एनसीआरएत जाता येतं. दरमहा विद्यावृत्ती मिळते, घरून पैसे मागावे लागत नाहीत, आणि खोडदच्या डिश जणू घरच्याच होतात. ज्याला मनापासून हेच करायचंय त्यानं दुसरीकडे बघूच नये. मात्र एकविसाव्या वर्षी पुढची सहा-सात वर्षं एका विषयाला लिहून द्यायची असतात. शंका असेल तर आधी सुट्टीतले विद्यार्थी-कार्यक्रम करा. आयुका आणि एनसीआरए मिळून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी हिवाळ्यात रेडिओ खगोलशास्त्राची शाळा भरवतात, ती तर चुकवूच नका.

आता विज्ञानप्रसाराचं. कित्येकांना संशोधनापेक्षा यातच जास्त रस असतो आणि ते सांगायला संकोच वाटतो. इथं क्रम उलटा लागतो. आयुकाकडे मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं आहेत. 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदला भरणाऱ्या प्रदर्शनाला गावोगावच्या शाळा प्रयोग घेऊन येतात. डिशपाशी मोबाइल बंद करायला लावतात, कारण खिशातला फोन दूरच्या दीर्घिकेपेक्षा कितीतरी मोठ्यानं ओरडतो. हे सगळं भव्य आहे, पण तुम्ही तिथे शंभरातले एक स्वयंसेवक. उलट लहान विभागात कपाटातली दुर्बीण बाहेर काढायची झाली तर ती तुम्हीच काढणार, तुम्हीच जुळवणार आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत तुम्हीच नेणार.

शनी दाखवताना पोरं नेत्रिकेला हात लावतात, दुर्बीण हलते, रांग थांबते. पुन्हा शनी धरेपर्यंत दहा जण ‘सर, आत स्टिकर लावलाय का?’ विचारतात. त्या वेळी घाईत, सोप्या मराठीत, खोटं न सांगता काय बोलायचं हे कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. पुण्यात 1944 पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि मुंबईत खगोल मंडळ या हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्था यासाठी उत्तम. मंडळाच्या वांगणी गावातल्या रात्रभराच्या आकाशदर्शनानं मुंबईतली कितीतरी मुलं या विषयाकडे वळली. म्हणून प्रसारासाठी विभाग निवडू नका, तो कुठेही राहून करता येतो. आणि पीएचडीच्या मुलाखतीत त्याला फारसे गुण मिळत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

अर्ज भरण्याआधी एकदा विभागात जाऊन या. मागच्या दोन वर्षांतल्या एमएस्सीच्या प्रोजेक्टांची यादी मागा. त्यातले खगोलशास्त्राचे किती, डेटा कुठून आणला, तो उतरवून प्रत्यक्ष कुणी हाताळला, हे विचारा. मग जमलं तर ते प्रोजेक्ट केलेल्या विद्यार्थ्याला कँटीनमध्ये गाठून तेच प्रश्न पुन्हा विचारा. दोन उत्तरं जुळली नाहीत, तर दुसरा विभाग बघा.