हिरवं पाणी : टाकी झाकावी की यूव्ही लावावा?

झाडं लावलेल्या माशांच्या टाकीतलं पाणी हिरवं झालं तर उपाय दोन: टाकी झाकून अंधार करणं, किंवा यूव्ही म्हणजे अतिनील किरणांचा दिवा लावणं. आधी पांढऱ्या कपात टाकीतलं पाणी घ्या आणि उजेडात बघा. दुधाळ दिसलं तर तो बॅक्टेरियांचा उद्रेक आहे. नव्या टाकीत तो होतो आणि बहुधा आठवडा-दहा दिवसांत आपला आपण बसतो. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं असेल तर रंग मातकट दिसेल, आणि बादलीत रात्रभर ठेवलं की तळाला गाळ धरेल. पोपटी छटा असेल आणि सकाळीही ती तशीच राहिली असेल, तर ते तरंगतं एकपेशीय शेवाळ आहे. पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

या पेशी काही मायक्रॉनच्या असतात, त्यामुळे फिल्टरमधल्या स्पंज आणि फिल्टर वूलमधून (गाळणीच्या कापसातून) आरपार जातात. निम्मं पाणी बदललं की निम्म्या पेशी जातात. उरलेल्यांना उजेड आणि खुराक मिळाला की एक-दोन दिवसांत संख्या पुन्हा तेवढीच. म्हणून नुसतं पाणी बदलत राहिल्यानं हात दुखतात, पाणी हिरवंच राहतं. हे पाणी माशांना विषारी नाही. पिल्लं वाढवणारे ते मुद्दाम तयार करतात. तेव्हा घाबरून औषध ओतू नका. खरं नुकसान झाडांचं होतं, कारण तळापर्यंत उजेड पोचत नाही.

झाकणं

६० × ३० × ३६ सेंमीची टाकी धरू. दगड-माती वजा जाता पाणी साधारण ५५ लिटर. सडकी पानं काढा, २५-२८ लिटर पाणी बदला, लाइट आणि सीओटू (झाडांसाठी सोडलेला कार्बन डायऑक्साइड) बंद करा, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू करा. मग चारही बाजू आणि वरचा भाग झाका. जाड घोंगडी चालते. शेतीच्या दुकानातला चंदेरी-काळा मल्चिंग पेपर त्याहून सोयीचा: दोन घड्या करून चंदेरी बाजू बाहेर ठेवा आणि कडा टेपनं बंद करा, फक्त वर हवेला फट ठेवून तिच्यावर सैल कापड टाका. पूर्ण चार दिवस. खाणं नाही, डोकावणं नाही. निरोगी मोठे मासे चार दिवस सहज काढतात, पिल्लं नाही.

हा उपाय फसतो तो बहुतेक वेळा कोपऱ्यातून येणाऱ्या उजेडामुळे, किंवा दुसऱ्याच दिवशी 'जरा बघू' म्हणून पडदा उचलल्यामुळे. दुसरा धोका ऑक्सिजनचा. अंधारात झाडं आणि शेवाळ दोन्ही ऑक्सिजन फक्त वापरतात, मरणारं शेवाळ कुजताना आणखी खातं. त्यात एका लिटर पाण्यात २५ अंशाला सुमारे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ अंशाला ७.३ च. सांगली-मिरजेच्या एप्रिल-मेमध्ये टाकी झाकायची तर वीज गेली तरी चालणारा बॅटरीचा एअर पंप हवाच. तो नसेल तर झाकू नका.

पाचव्या दिवशी उघडून निम्मं पाणी बदला, स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळा, अमोनिया तपासा. पहिला आठवडा लाइट सहाच तास. अन्युबियस, जावा फर्न, मॉस यांना काही होत नाही. रोटालासारखी दांड्याची झाडं लांबुडकी होतात, माँटे कार्लो या तळाला पसरणाऱ्या झाडाचा गालिचा विरळ पडू शकतो.

यूव्ही

एवढ्या टाकीला ५ ते ९ वॅटचा यूव्ही-सी (पेशी मारणाऱ्या अतिनील किरणांचा) दिवा पुरतो. पाणी दिव्यापाशी रेंगाळायला हवं, म्हणून ताशी १००-१५० लिटरचा छोटा पंप घ्या. मोठ्या पंपानं पाणी झरकन निघून जातं आणि पेशी वाचतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवेपणा फिका पडतो, आठवड्यात मागची भिंत स्वच्छ दिसते. ९ वॅटचा दिवा अखंड चालवला तर महिन्याला साडेसहा युनिट, पंपाचे वेगळे.

दिवा नेहमी बंद नळीतलाच हवा. उघडा दिवा टाकीत सोडला तर माशांच्या डोळ्यांना इजा होते, आपल्याही. जत, आटपाडी, माण, खटावकडे बोअरचं जड पाणी असेल तर क्वार्ट्झच्या नळीवर पांढरा थर चढतो आणि किरण अडतात. महिन्याला व्हिनेगरनं पुसा. निळा उजेड दिसतो म्हणजे दिवा काम करतोच असं नाही, ८००० तासांच्या आसपास तो बदला. आणि लोहखत किंवा औषध घातलं की दिवसभर यूव्ही बंद ठेवा, नाहीतर ते पाण्यातच मोडून जातं.

निवड

हिरवं पाणी पहिल्यांदाच झालंय, कारण माहीत आहे, झाडं काटक आहेत: झाका. खर्च जवळजवळ शून्य. दर दोन महिन्यांनी पुन्हा होतंय, टाकी खिडकीपासून हलवता येत नाही, गालिचा लावलाय किंवा पिल्लं आहेत: यूव्ही घ्या. उन्हाळ्यात आमचा कौल यूव्हीलाच.

बाकीचे उपाय दुय्यम. आरओवाल्यांकडचं एक मायक्रॉनचं स्पन कार्ट्रिज (धाग्यांची गाळणी) पंपाला जोडलं तर शेवाळ धरतं, पण भराभर तुंबतं. डॅफ्निया (पाण्यातले बारीक किडे) खरंच शेवाळ खातात. मात्र मासे त्यांना खातात, म्हणून बारीक जाळीच्या पेटीत सोडावे लागतात आणि वेळ लागतो. तांबं असलेलं शेवाळनाशक कोळंबी आणि गोगलगायींना मारतं. तुरटी पिण्याच्या पाण्याला ठीक, टाकीत नको: ती पीएच खाली ओढते, आणि मऊ पाण्यात ही घसरण मोठी असते.

दोन्हींपैकी काहीही करा, मूळ कारण तसंच राहिलं तर काचेवर दुसरं शेवाळ येईल. सॉइलच्या (तळाला खतयुक्त मातीचे दाणे घातलेल्या) टाकीत झाड उपटलं की अमोनिया वर येतो. म्हणून झाड बुडाशी कापा, उपटावंच लागलं तर त्याच दिवशी ४० टक्के पाणी बदला. खाणं दोन मिनिटांत संपेल इतकंच टाका. उसाच्या पट्ट्यात बोअरचं पाणी वापरत असाल तर टाकीत घालण्याआधी त्यातलं नायट्रेट मोजा. आधीच भरपूर असेल तर वरून नायट्रेटचं खत घालू नका, पोटॅश आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं मात्र चालू ठेवा.