मेटिऑरिटिकल बुलेटिन डेटाबेस : अशनी विकत घेण्याआधी उघडावी अशी नोंदवही

अशनी जमवणाऱ्या प्रत्येकाने अशनींच्या नावांना मान्यता देणाऱ्या मेटिऑरिटिकल सोसायटी या आंतरराष्ट्रीय संस्थेचा हा विनामूल्य डेटाबेस वापरलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. सत्तर हजारांहून अधिक मान्यताप्राप्त नावे त्यात आहेत आणि नाव, देश किंवा प्रकार यांवरून शोध घेता येतो. ‘काटोल’ शोधले, की २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात पडलेल्या अशनीची नोंद उघडते. तिचा प्रकार एल६, म्हणजे लोहाचे प्रमाण कमी असलेला आणि आतल्या गोल कणांच्या कडा जवळजवळ पुसल्या जाव्यात इतका तापलेला साधा कॉन्ड्राइट (असे गोल कण असलेला दगडी अशनी).

या नोंदींचे मोल त्यांमागच्या शिस्तीत आहे. साध्या कॉन्ड्राइटच्या बाबतीत, उदाहरणार्थ, ऑलिव्हिन या खनिजातल्या लोहाचे मोजमाप करून गट ठरवतात, आणि एकूण वजनाच्या २० टक्के किंवा २० ग्रॅम, यांपैकी जे कमी असेल तेवढा नमुना एखाद्या संस्थेत कायमचा ठेवल्याशिवाय नावाला मान्यता मिळत नाही. अलीकडच्या नोंदी त्यामुळे वाचनीय असतात. जुन्या बऱ्याच नोंदींत मात्र तारीख, वजन आणि प्रकार यांपलीकडे फारसे काही सापडत नाही, ही उणीव जाणवते.

तरीही एक मर्यादा खरेदीदाराने ओळखून असावी. ही नोंदवही नावाची खात्री देते, आपल्या हातातल्या दगडाची नाही. सहारात सापडून बाजारात आलेल्या, नेमके ठिकाण माहीत नसलेल्या अशनींना ‘नॉर्थवेस्ट आफ्रिका’ आणि पुढे क्रमांक असे नाव मिळते. त्यांतल्या ८६९ या नावाने हजारो दगड विकले गेले आणि त्यांतला प्रत्येक दगड काही प्रयोगशाळेत तपासला गेलेला नाही. ती नोंद एल३-६ची, म्हणजे कमी-अधिक तापलेल्या तुकड्यांच्या मिश्रणाची आहे. याच नावाची चिठ्ठी लावलेला एक काप मी घेतला होता. दहापट भिंगाखाली त्यात धातूचे ठिपके चमकले, खसखशीएवढे गोल कणही दिसले, पण वेगवेगळ्या रंगांचे तुकडे कुठेच आढळले नाहीत. एवढ्यावरून तो ८६९ नाही असे म्हणता येत नाही, आहे असेही म्हणता येत नाही. दगड मुळात कोणाकडून आला, हे विक्रेत्याला दोनदा विचारले. उत्तर आले नाही. तो काप आता माझ्याकडे ‘वर्गीकरण न झालेले’ अशी चिठ्ठी लावलेल्या डबीत आहे.