चित्रफीत-संकलनासाठी मॅकबुक एअर (एम४): सव्वा किलोत किती मावते?

रंगपंचमीला राजवाड्यासमोरच्या गेरीचे, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीचे, चित्रण करून संध्याकाळपर्यंत पाच-सहा मिनिटांची चित्रफीत हाती द्यायची, असे काम इंदुरात ज्यांच्याकडे येते, त्यांना लॅपटॉप पाठीवर वागवल्यावाचून गत्यंतर नसते. अशा कामासाठी मी १३ इंची मॅकबुक एअर घेतला. मार्च २०२५ मध्ये आलेले हे एम४ चिपचे मॉडेल असून, १६ जीबी मेमरी आणि ५१२ जीबी साठवण असलेल्या यंत्राची भारतातील जाहीर किंमत तेव्हा १,१९,९०० रुपये होती.

दुकानात शिरताच ग्राफिक्स कार्डाचे कौतुक सुरू होते. वास्तविक पहिला प्रश्न असायला हवा तो आपला कॅमेरा कोणत्या स्वरूपाची फाइल लिहितो, हा. आजचे बरेच मिररलेस कॅमेरे १०-बिट ४:२:२ एच.२६५ मध्ये (रंगांचा जास्त तपशील राखणाऱ्या, पण घट्ट दाबलेल्या स्वरूपात) चित्रण करतात, आणि ही फाइल टाइमलाइनवर, म्हणजे संकलनाच्या पट्टीवर, अडखळू नये यासाठी ती उलगडणारी स्वतंत्र यंत्रणा चिपमध्येच असावी लागते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये ती आहे. एनव्हिडियाच्या कार्डांत मात्र ती २०२५ साली आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपासूनच मिळू लागली. त्यामुळे ही सोय नसलेला एएमडी प्रोसेसर आणि आधीच्या पिढीचे आरटीएक्स ४०६० कार्ड असलेला महागडा गेमिंग लॅपटॉप या फाइलींवर धापा टाकतो आणि साधा इंटेलचा लॅपटॉप निमूटपणे त्या चालवून दाखवतो, हे अनेकांना खरे वाटत नाही. ॲपलच्या चिपमध्येही ही सोय आहे. डाव्हिंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ४के चित्रणाचे दोन थर आणि नेहमीची रंगदुरुस्ती एवढे काम एअर प्रॉक्सीशिवाय (कामापुरत्या हलक्या प्रती न बनवता) करतो. रात्रीच्या दृश्यांवर नॉइज रिडक्शन (दाणेदारपणा घालवणारी प्रक्रिया) चढवले की मात्र तो अडखळतो.

पडद्याबाबत मी अधिक काटेकोर आहे. मध्यम किमतीच्या अनेक विंडोज लॅपटॉपांत ‘४५ टक्के एनटीएससी’ (दूरचित्रवाणीच्या जुन्या रंगमानकावरचे माप) असा पडदा असतो, म्हणजे एसआरजीबी या पडद्यांच्या नेहमीच्या रंगमानकातल्या रंगांपैकी जेमतेम ६०-६५ टक्केच त्यावर उमटतात. गेरीतला गुलाल अशा पडद्यावर विटकरी दिसतो, म्हणून आपण लाल वाढवत राहतो, आणि तीच चित्रफीत ग्राहकाच्या फोनवर उघडली की नाचणाऱ्यांचे चेहरे शेंदूर फासल्यासारखे दिसतात. हळदीच्या कार्यक्रमातल्या पिवळ्याचेही तेच होते. एअरचा पडदा एसआरजीबीहून विस्तृत अशा पी३ रंगकक्षेचा असल्याने ही फसगत टळते. दुसरा कोणताही लॅपटॉप घेणार असाल, तर ‘१०० टक्के एसआरजीबी’ हे शब्द तपशिलात छापलेले आहेत ना, ते स्वतः वाचून घ्यावे. बाकी ५०० निट्सचा प्रकाश मार्चच्या उन्हात अपुराच पडतो. सावली शोधावी लागते.

एअरची खरी मर्यादा उष्णतेची आहे. त्यात पंखा नाही, त्यामुळे काम लांबले की चिप स्वतःचा वेग कमी करते, आणि माळव्यातल्या मे महिन्यात हे लवकर घडते. छोट्या चित्रफितींना याचा जाच होत नाही. दोन-दोन तासांचे लग्नाचे चित्रपट रोज निर्यात करणाऱ्यांनी, म्हणजे अंतिम फाइल बनवणाऱ्यांनी, मात्र पंखा असलेला १४ इंची मॅकबुक प्रो पाहावा. त्याचे वजन १.५५ किलो, एअरचे १.२४. गेमिंग लॅपटॉप बहुधा दोन किलोंच्या पुढे जातो, त्याचा विटेएवढा चार्जर वेगळाच, आणि चार्जर काढला की त्याचा जोर ओसरतो. एअर बॅटरीवरही त्याच वेगाने चालतो, आणि बाहेरच्या कामात मला हाच गुण सर्वांत मोलाचा वाटतो.

मेमरी नंतर वाढवता येत नाही, तेव्हा तिथे काटकसर नको. साठवणीचे तसे नाही: १०० एमबीपीएसचे (सेकंदाला १०० मेगाबिट) तासभराचे चित्रण ४५ जीबी जागा खाते, त्यामुळे अंतर्गत साठवण कितीही घेतली तरी बाहेरची एसएसडी लागतेच. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डासाठी खाच नाही, म्हणून एका पोर्टातून अनेक जोडण्या देणारा हबही हवा. थंडरबोल्टची दोन्ही पोर्ट डावीकडे अगदी लागून आहेत. थेट खोचायचा जाड हब शेजारचे पोर्ट झाकतो आणि एसएसडी लावायला जागाच उरत नाही, त्यासाठी वितीएवढ्या वायरीचा हब घ्यावा.