लिनियसच्या श्रेणी की वंशवृक्ष?

मगर, पाल आणि कावळा. यांत मगरीचं जवळचं नातं कोणाशी?

अठराव्या शतकातल्या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियसकडून आलेली श्रेणींची पद्धत म्हणते, पालीशी. दोघी सरीसृप वर्गातल्या, कावळा पक्षी वर्गातला. खवले इकडे, पिसं तिकडे. जाती, जातीच्या वर प्रजाती, मग कुल, गण, वर्ग अशी चढती रचना असल्याने नवखा विद्यार्थीही नमुना हातात घेऊन त्याचं स्थान शोधू शकतो. ही सोय मोठी आहे.

जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी १९५० मध्ये मांडलेली वंशवृक्षाची पद्धत मात्र मगरीला कावळ्याजवळ नेते. मगर आणि कावळ्याचा समाईक पूर्वज हा मगर आणि पालीच्या समाईक पूर्वजापेक्षा अलीकडचा आहे. हेनिगचा नियम कडक: गट म्हणजे एक पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज, कोणालाही वगळायचं नाही. म्हणजे पक्ष्यांना बाहेर ठेवून ‘सरीसृप’ हा गट उरतच नाही! मला हेच पटतं. साम्य फसवतं, वंश फसवत नाही.

या अचूकतेची किंमत नावांना मोजावी लागते. पावसाळ्यात अंगणात दिसणारा आपला भेक दोनशेहून अधिक वर्षं शास्त्रीय नावाने बुफो मेलॅनोस्टिक्टस होता. नात्यांचा नव्याने अभ्यास झाल्यावर २००६ मध्ये तो दत्ताफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस झाला. भारतीय उभयचरतज्ज्ञ सुशील कुमार दत्ता यांच्या सन्मानार्थ. जुनी नोंद शोधणाऱ्याला आता दोन्ही नावं माहीत हवीत.

म्हणून शेतात, जंगलात ओळख पटवायला श्रेणी घ्याव्यात. उत्क्रांतीबद्दल काही म्हणायचं असेल, तर वंशवृक्षच.