साठच्या दशकातलं घर, सपाट गच्ची आणि पांढरा कोट: चौदा महिन्यांनंतर

सोलापुरात सात रस्त्याजवळचं आमचं घर सासऱ्यांनी १९६४ साली बांधलं. पातळ स्लॅब, समोर साडेतीन फूट पुढे आलेला छज्जा, जिन्याला सिमेंटची जाळी, खाली शहाबादी फरशी. कठडा फक्त नऊ इंच. घराचं देखणेपण या आडव्या रेषेत आहे, आणि गळक्या गच्चीची दुरुस्ती करताना मला तीच जपायची होती. पहिल्या ठेकेदाराने तीन फुटांची भिंत चढवून वर पत्रे टाकायला सांगितलं. मी नाही म्हटलं.

त्याआधी एकदा पैसे वाया गेले होते. जुन्या कोब्यावरच, म्हणजे स्लॅबवर पाणी अडवायला घातलेल्या विटांच्या तुकड्यांच्या थरावरच, पांढरा ॲक्रिलिक कोट (पाणी अडवणारा, ऊन परतवणारा रंगासारखा लेप) मारून घेतला आणि आठ महिन्यांत त्याला फुगे आले. कोब्यात मुरलेलं पाणी उन्हात वाफ होऊन वर येतं, वाट मिळाली नाही की कोट उचलतं. मालात काही खोट नव्हती, ओल्या कोब्यावर तो मारायलाच नको होता.

म्हणून या वेळी साडेचार इंचांचा विटांचा कोबा पूर्ण काढला. ९०० चौरस फुटांवरून पंधरा टनांच्या पुढे राडारोडा निघाला. इतकी वर्षं स्लॅब एवढं ओझं पेलत होता, हे राडारोडा ट्रॉलीत भरताना कळलं. छज्जाच्या खालच्या बाजूला सळ्या गंजून काँक्रीटच्या खपल्या सुटल्या होत्या. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटतं. सैल भाग छिलला, सळ्या घासून गंजरोधक लावलं आणि पॉलिमर मॉर्टरने भरून घेतलं. छज्जाच्या कडेला खालून खाच पाडली, म्हणजे पाणी तिथेच तुटतं, मागे भिंतीकडे जात नाही.

मग उतार. दर दहा फुटांना सव्वा इंच, मधून दोन्ही बाजूंना. पावसाचं पाणी खाली नेणारे दोन इंची पाइप काढून चार इंची टाकले. स्लॅब आणि कठडा मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंटने गोलाई दिली. आमचे मिस्त्री म्हणाले, "काकू, पाणी थांबलं की कोट गेलाच बघा. आधी पाण्याला वाट द्या." या अनुभवातून मला सांगायचंय ते हेच. ॲक्रिलिक कोट पावसाला पुरतो, पण साचलेल्या पाण्याखाली दिवसेंदिवस राहिला की मऊ पडतो. उतार नसेल तर कोटाचा डबा कितीही महाग घ्या, उपयोग नाही.

उताराचा थर महिनाभर वाळू दिला. गच्चीवर पाणी बांधून तीन दिवस ठेवलं, खाली ओल नाही हे पाहिलं, पुन्हा वाळवलं. मगच प्रायमर, त्यावर कोट, त्यात फायबरची जाळी आणि वर आणखी दोन कोट. कठडा बुटका असल्याने कोट त्याच्या माथ्यावरून पलीकडे उतरवला. लवचीक कोट का, तर तीस फुटांचा स्लॅब तापमानातल्या तीस अंशांच्या फरकाने जवळपास तीन मिलिमीटर लांबतो. नुसत्या सिमेंटला ते सोसत नाही.

मृगात फारसं काही कळलं नाही. आमच्याकडे खरा पाऊस उत्तरा-हस्ताचा. सप्टेंबरच्या एका रात्री तासभर कोसळला तेव्हा मी बॅटरी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरले. कुठेही थेंब नाही. चार वर्षांनी त्या रात्री पलंगाशेजारी बादली नव्हती.

उन्हाळ्यातला फरक याहून मोठा. मे महिन्यात दुपारी चार वाजता वरच्या खोलीत ३८ अंश असायचे, यंदा ३५ होते. रात्री छत तापलेलं नव्हतं, पंखा गरम वारा फेकत नव्हता. मात्र सोलापूरची धूळ पांढऱ्या रंगावर थर धरते. मार्चमध्ये मऊ झाडू आणि पाण्याने गच्ची धुतली, ॲसिड लावलं नाही. धुतल्यावर चमक परत आली.

तक्रारी दोनच. ओली असताना गच्ची घसरडी होते. बाजेचे पाय रुततात, म्हणून कुरडया घालताना खाली जुनी सतरंजी टाकते आणि पायांखाली लाकडाचे तुकडे ठेवते.

लिंबाची पानं पाइपाच्या तोंडाशी अडकतात. मृग निघण्याआधी आणि पुन्हा गणपतीनंतर मी स्वतः वर जाऊन जाळ्या साफ करते. या जूनमध्ये साफ करताना पाण्याच्या टाकीच्या पायाशी केसाएवढी चीर दिसली. तिथे टाकीची कंपनं लागतात. उरलेला कोट डब्यात होता, जाळीची पट्टी बसवून मिस्त्रींनी तासाभरात काम केलं. आता उत्तरा नक्षत्राच्या पावसाची वाट बघते आहे.