आवक, जावक, घट: खासगी विद्यापीठं जोखायच्या वहीचा दोन वर्षांचा अनुभव

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी आहे. शिक्षणक्षेत्रातलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच कबूल करतो. पण पोती किती आली, किती गेली आणि मधली घट कुठं मुरली, हे विचारायची खोड एकवीस वर्षांची आहे. लेक बारावीला होती तेव्हा, फेब्रुवारी २०२४ मध्ये, त्याच खोडीनं एक लांबट लाल वही घेतली आणि खासगी विद्यापीठांची आवक-जावक मांडायला बसलो. वही अजून चालू आहे. ती कुठं उपयोगी पडली आणि कुठं तिनं मला तोंडावर पाडलं, ते लिहितो.

खासगीच का? सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी कॉलेजात कॉम्प्युटर लागेल एवढे पर्सेंटाइल पडणार नाहीत हे आम्हा दोघांनाही दिसत होतं, आणि लेकीला दुसरी शाखा नको होती. त्यात ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आला. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅपमधून, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेशप्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आम्ही त्यात बसत होतो. पण त्या निर्णयात एक कंस आहे: खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळून. त्या कंसानं आमच्या घरात आठवडाभर भांडण लावलं. माफ होणारी फी सोडून भरायच्या फीकडं जायचं, तर तिथं शिरलेल्या पोरांचं पुढं काय होतं हे बघणं भागच होतं.

महाराष्ट्रात गेल्या दहाएक वर्षांत खासगी विद्यापीठांचं पेव फुटलंय असं सगळे म्हणतात. आमच्या हरिपूरला खरी पेवं होती, हळद साठवायची. २००५ च्या पुरात त्यातली बरीच गेली. पेव वरून बघाल तर नुसती जमीन. आत हळद कशी आहे ते तोंड उघडल्यावरच कळायचं. विद्यापीठाचं तोंड उघडायचं कसं, एवढाच प्रश्न होता.

त्याची किल्ली फुकट पडलेली आहे आणि कुणी उचलत नाही. एनआयआरएफ म्हणजे केंद्र सरकारची क्रमवारी, तिची पहिली यादी २०१६ ला आली. आपण सगळे त्यातला नंबर बघतो. मी नंबर सोडून दिला. त्या क्रमवारीसाठी संस्थेला जी माहिती भरावी लागते, ती तिला स्वतःच्या संकेतस्थळावरही ठेवावी लागते. बहुतेक ठिकाणी पानाच्या अगदी तळाला, बारीक अक्षरात दुवा असतो. त्या पीडीएफमध्ये ‘चार वर्षांचे पदवी अभ्यासक्रम’ म्हणून एक आडवा तक्ता आहे. मंजूर जागा किती, प्रत्यक्ष प्रवेश किती, थेट दुसऱ्या वर्षाला किती आले, ठरलेल्या मुदतीत किती पास झाले, त्यातल्या किती जणांना नोकरी लागली, त्यांचा मधला पगार (सगळे पगार चढत्या क्रमानं लावले की मधोमध येतो तो) किती, उच्च शिक्षणाला किती गेले. एका ओळीत एका बॅचची सगळी कुंडली. अशा तीन ओळी, तीन बॅचच्या. दिवाणजीला आणखी काय पाहिजे?

उदाहरणासाठी गोल आकडे घेतो. समजा मंजूर जागा ६००. प्रवेश ४५०. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेले ६०. म्हणजे एकूण आवक ५१०. मुदतीत पास ३६०, नोकरी २४०, उच्च शिक्षणाला ३०. आता जाहिरातवाला काय करतो? प्लेसमेंटसाठी ‘पात्र आणि इच्छुक’ पोरं धरतो, समजा २५५, आणि २४० भागिले २५५ करून ९४ टक्के छापतो. खोटं काहीच नाही. माझ्या वहीत मात्र २४० अधिक ३०, म्हणजे २७०, भागिले ५१०. येतात ५३ टक्के. ९४ आणि ५३ च्या मध्ये जे आहेत त्यांना आम्ही यार्डात घट म्हणतो. हळदीत घट आली तर ओलाव्यानं सुकली, हमालाकडून सांडली, उंदरानं खाल्ली, काहीतरी कारण लिहावंच लागतं. शेठ सही करत नाहीत त्याशिवाय. इथं दीडशे पोरं मुदतीत पास झाली नाहीत आणि त्यांचं कारण लिहायला रकानाच नाही.

थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांचा रकाना विसरू नका. मी पहिल्यांदा विसरलो होतो. पास होणाऱ्यांत ती पोरं असतात, पण पहिल्या वर्षाच्या प्रवेशात नसतात. ती आवकेत धरली नाहीत तर निकाल उगाच चांगला दिसतो.

पगाराचं सांगतो, कारण इथं आमचं यार्ड कामाला आलं. बाजार समितीचे दर छापून येतात तेव्हा तीन आकडे असतात: किमान, कमाल, सर्वसाधारण. शेतकरी सर्वसाधारण दर बघून गाडी भरतो. कमाल दर असतो एखाद्या लॉटचा, आणि हंगामाच्या मुहूर्ताच्या सौद्यात तर हार घालून, पेढे वाटून चार पोत्यांना असा दर देतात की तो पुन्हा हंगामभर दिसत नाही. ‘हायेस्ट पॅकेज’ हा मुहूर्ताचा सौदा आहे. ‘अ‍ॅव्हरेज पॅकेज’मध्येही तीच चार पोती मिसळलेली असतात. एनआयआरएफच्या तक्त्यात हे दोन्ही आकडे नाहीत, फक्त मधला पगार आहे, आणि या एका गोष्टीसाठी मी त्या फाईलीला पाचपैकी पाच देईन. पण त्यातही खाच आहे. हा मधला पगार नोकरी लागलेल्यांचाच. नोकऱ्या निम्म्यावर आल्या तरी तो जागचा हलत नाही, कधी वाढतोसुद्धा, कारण खालचे गळतात. म्हणून तो आकडा एकटा लिहायचा नाही, शेजारी किती जणांचा तेही लिहायचं.

मी आठ संस्थांची प्रत्येकी जमतील तेवढ्या वर्षांची ओळ भरली. प्रगती एका ओळीत दिसत नाही, चार-पाच ओळी एकाखाली एक आल्या की दिसायला लागते. एका ठिकाणी मंजूर जागा दरवर्षी फुगत होत्या आणि मुदतीत पास होणारे तेवढेच राहत होते. एका ठिकाणी मधला पगार सलग तीन वर्षं रुपयापर्यंत सारखा. आमच्याकडं तीन वर्षं एकच दर लागला तर पहिली शंका दिवाणजीवर येते. एका विद्यापीठाच्या जुन्या फाईलींचे दुवे मी दुसऱ्यांदा गेलो तोवर उघडेनासे झाले होते, तेव्हापासून दिसली फाईल की पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवतो.

विद्यापीठाच्या ‘सर्वसाधारण’ यादीची फाईल आणि ‘अभियांत्रिकी’ची फाईल वेगळी असते. अभियांत्रिकीचीच घ्या. पहिल्या फाईलीत चार वर्षांचे सगळे पदवी अभ्यासक्रम एका पातेल्यात शिजवलेले असतात. आणि ‘देशात अमुकवं विद्यापीठ’ या फलकाला भुलू नका: विद्यापीठांच्या यादीत निकालाचे गुण मुदतीत पास होणारे आणि पीएचडी यावर ठरतात, प्लेसमेंट आणि पगार त्या हिशोबात धरतच नाहीत. अभियांत्रिकीच्या यादीत धरतात. हे मला कळायला दोन महिने लागले, आणि कळल्यावर पुण्याच्या रस्त्यावरचे होर्डिंग वाचायची मजाच गेली.

मे महिन्यात तिघेही एका विद्यापीठात गेलो. नाव लिहीत नाही. एसी हॉल, टोकन नंबर, टेबलावर काचेच्या बरणीत चॉकलेटं, भिंतीला टाय घातलेल्या पोरांचे माणसाएवढे फोटो आणि प्रत्येकाच्या छातीशी पॅकेज. समोरची मुलगी लेकीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. तिनं टॅब फिरवून टक्केवारी दाखवली. मी वही उघडली आणि विचारलं, “ताई, ही बॅच आत आली तेव्हा किती जण होते?” तिला वाटलं मी यंदाच्या जागा विचारतोय. पुन्हा समजावलं. ती आत गेली, साहेबांना विचारून आली आणि म्हणाली, “काका, तो डेटा अ‍ॅकॅडमिक सेक्शनकडं असतो. आणि शेवटच्या पाचच सीट आहेत.” मी तिच्याच विद्यापीठाच्या फाईलीतली ओळ तिला दाखवली. तिनं ती नीट वाचली, मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि हळूच म्हणाली, “हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये देत नाहीत.” बायकोनं मला टेबलाखालून चिमटा काढला होता, पण त्या मुलीबद्दल मला अजूनही बरं वाटतं.

दुसऱ्या एका ठिकाणी जागा धरून ठेवायला पैसे भरले आणि नंतर प्रवेश रद्द केला. परत देईनात. २०२४-२५ साठी यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, नियम होता: ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण शुल्क परत, ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर हजार रुपये कापून. त्याची प्रत काढून, अर्जाला जोडून, पोच घेतली. नोव्हेंबरात पैसे आले.

आता वहीनं तोंडावर कुठं पाडलं ते. जावक तिनं बरी मोजली, आवकेच्या दर्जाचं तिला काहीच कळलं नाही. कॅपमधल्या कॉलेजांचं बरं असतं, प्रत्येक फेरीला शाखेनुसार, प्रवर्गानुसार कटऑफ जाहीर होतो. पाच वर्षांचे कटऑफ लावले की कॉलेज चढतंय की उतरतंय ते शेंबडं पोरही सांगेल. खासगी विद्यापीठं बहुतेक प्रवेश स्वतःच्या प्रवेशप्रक्रियेनं देतात. तिथला शेवटचा प्रवेश कितीवर झाला हे मला तरी कुठं सापडलं नाही. मी पर्याय म्हणून मंजूर जागांपैकी भरल्या किती आणि राज्याबाहेरून आले किती, हे दोन रकाने वापरले. लंगडा हिशोब आहे. जागा भरल्या याचा अर्थ चांगली पोरं आली असा होत नाही, जाहिरात चांगली झाली असाही होतो.

दुसरं, फाईल शिळी असते. २०२५ च्या क्रमवारीसाठीची फाईल २०२३-२४ ला बाहेर पडलेल्यांपर्यंत येते, म्हणजे २०२०-२१ ला, कोरोनात, आत शिरलेली पोरं. ज्या एआयच्या शाखेसाठी आज झुंबड आहे, तिची कित्येक ठिकाणी तेव्हा पाटीही लागलेली नव्हती.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे हे आकडे संस्थेनंच भरलेले. नात्यातला एक मुलगा न्यू जर्सीत असतो, तो म्हणाला, तिकडं सरकारचं कॉलेज स्कोअरकार्ड आहे, त्यात कमाईचा आकडा कॉलेजला विचारत नाहीत, कर खात्याच्या नोंदीतून काढतात. फक्त सरकारी मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांचा असतो म्हणे, पण कॉलेजच्या हातातला नसतो. ऐकून हेवा वाटला. आपल्याकडं पीएफ आहे, पॅन आहे, आणि तरी नोकरीचा आकडा सांगायचा ज्यानं फी घेतली त्यानंच.

शेवटी लेक पुण्याजवळच्या एका विद्यापीठात गेली. वहीत ते पहिल्या नंबरावर नव्हतं, तिसऱ्यावर होतं. पहिल्याची फी झेपत नव्हती. दुसऱ्याचं हॉस्टेल बघून तिची आईच परत फिरली. हे दोन्ही रकाने माझ्या वहीत नव्हते.

आता ती चौथ्या सेमिस्टरला आहे. फाईलीतली घट जी मला चार वर्षांनी दिसते ती तिला रोज सकाळी हजेरीत ऐकू येते. पहिल्या सेमिस्टरला एकेचाळीस नंबरनंतर बेचाळीस यायचा. तिसऱ्या सेमिस्टरला सर एकेचाळीसवरून थेट चव्वेचाळीसवर जायला लागले. “पप्पा, बेचाळीसची वायडी झाली, त्रेचाळीस नाशिकला परत गेला,” तिनं सांगितलं. वायडी म्हणजे इयर डाऊन, वर्ष वाया. बेचाळीसला गणितानं खाल्लं. त्या सेमिस्टरला गणिताचे सर मधेच सोडून गेले, महिनाभर तास झाले नाहीत, मग दोन शनिवारांत सगळा भाग उरकला. त्रेचाळीसला फीचा दुसरा हप्ता जमला नाही. घटीची कारणं लिहायला रकाना नाही म्हणालो ना, तो मी आता वहीत शेवटच्या पानावर आखलाय. लेक फोनवर सांगते, मी लिहितो.

४ सप्टेंबर २०२५ ला नवी क्रमवारी आली, तिच्यासाठी भरलेल्या फाईलीही उतरवल्या, आठही संस्थांची एकेक ओळ वाढवली. तिच्या विद्यापीठाचा मुदतीत पास होणाऱ्यांचा आकडा थोडा वर गेलाय, नोकऱ्यांचा थोडा खाली. तिच्या स्वतःच्या बॅचची ओळ, बेचाळीस आणि त्रेचाळीससकट, हाच क्रम राहिला तर २०२९ च्या फाईलीत येईल.

यंदा भाचा बारावीला आहे. बहिणीनं वही मागितली, म्हणून परवा जुन्या यादीतल्या पहिल्या विद्यापीठाला मीच फोन लावला, नवीन फी विचारायला. मुलगा गोड बोलत होता. शेवटच्या पाचच सीट आहेत म्हणाला. बारावीची परीक्षा अजून सुरू व्हायचीय.